वणवा विझवायला घेतलेला पेट्रोल ब्लोअर, तीन उन्हाळे वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, अंगणातला पाला उडवायला किंवा गाडी धुतल्यावर फटीतलं पाणी काढायला ब्लोअर शोधत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही, तुम्ही कुठलाही घ्या, चालून जाईल. आमच्या गावातल्या पोरांनी वर्गणी काढून हा ब्लोअर घेतला तो डोंगराला लागलेला वणवा विझवायला, आणि आता त्यानं तीन उन्हाळे काढलेत म्हणून लिहितोय. घ्यायच्या आधी मी लय शोधलं होतं की हे प्रकरण डोंगरावर खरंच चालतं का ते कुणी मराठीत लिहिलंय का, तर सगळीकडं तोच एक माणूस, हिरवळीवर उभा, पायात पांढरे बूट आणि समोर पिवळ्या पानांचा ढीग. आमच्याकडं पांढरे बूट पहिल्या चढालाच काळे होत्यात.

मशीन असं आहे, २७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, हातात धरून चालवायचं, रिकामं वजन साडेचार किलोच्या आसपास, टाकी अर्ध्या लिटरपेक्षा थोडी कमी. आम्हाला सगळं मिळून १८,५०० ला पडलं, त्यात खांद्याचा पट्टा वेगळा घ्यावा लागला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढं डीलरबद्दल तक्रारपण आहे, आणि तसंही या साइजच्या चांगल्या कंपन्यांच्या मशीनमध्ये आमच्या कामात कळेल एवढा फरक मला तरी दिसला नाही.

आम्ही म्हणजे कोण, तर भोर तालुक्यातलं हिरडस मावळातलं एक गाव आणि त्याच्या वरच्या अंगाला दोन वाड्या. खाली भात, मधे नाचणी-वरईची वरकस, आणि त्याच्यावर डोंगर. डोंगराला आग लागली आणि तालुक्यावरनं बंब बोलावला तरी तो येऊन डांबरी रस्त्यावर उभा राहणार आणि ड्रायव्हर मान वर करून बघणार, कारण वर गाडीवाटच नाही. वनरक्षक आहे, चांगला माणूस आहे, पण एकटा माणूस आणि बीट (त्याच्या ताब्यातला जंगलाचा भाग) एवढी मोठी की एका टोकाला धूर दिसला तर तो दुसऱ्या टोकाला असतो. म्हणून जे कोण गावात असतील तेच आगीवाले. फॉर्म नाही, पगार नाही, गणवेश नाही. पुस्तकात वगैरे 'स्वयंसेवक' म्हणत असतील, आमच्याकडं नुसतं विचारतात, 'येतोयस का?'

माझी भरती अशी झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चाकणची कंपनी सुटली आणि मी गावी आलो, पुढच्या वर्षी मार्चमध्ये एका संध्याकाळी वाडीच्या मागं धूर दिसला, मी मोबाइलवर त्याचा फोटो काढत होतो तेवढ्यात आमचे नाना (चुलत चुलते, वय तेव्हा सदुसष्ट-अडुसष्ट) आले, कोयत्यानं जांभळीची एक हिरवी फांदी तोडली, माझ्या हातात दिली आणि चालायला लागले. बास. मी वर गेलो आणि जसं पिक्चरमध्ये असतं तशी ती फांदी डोक्यावरनं फिरवून आगीवर आपटायला लागलो तर नाना ओरडले, 'अरं आपटू नको, दाब! आपटलास की ठिणग्या उडत्यात.' फांदी जाळावर ठेवायची, दाबायची आणि जळालेल्या बाजूला ओढायची, हे मला त्या रात्री कळलं आणि आजही नवीन पोरगं आलं की आम्ही पहिलं हेच शिकवतो. त्या रात्री साडेअकराला खाली उतरलो तेव्हा भुवया गेल्या होत्या आणि नायलॉनच्या ट्रॅकपँटला मांडीवर रुपयाएवढी तीन भोकं, प्रत्येक भोकाखाली एक फोड.

वणवा लागतो म्हणजे लावला जातो, ते आधी मान्य करूया. आमच्याकडं उन्हाळ्यात भाताच्या रोपाच्या जागेवर राब भाजतात, कवळं (झाडाच्या तोडलेल्या फांद्या), शेण, पालापाचोळा रचून पेटवायचा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण वाऱ्याच्या दिवशी राब पेटवला आणि माणूस जेवायला घरी गेला की खेळ खल्लास. दुसरं म्हणजे तो समज, डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं. मलाही लहानपणी खरं वाटायचं कारण जळालेल्या जागेवर पहिल्या पावसात हिरवं लवकर दिसतं, पण ते लवकर दिसतं कारण वरचं वाळलेलं गेलेलं असतं, आणि आमच्या डोंगरावर तरी दरवर्षी जळणाऱ्या उतारावर आता बघाल तर कुसळी माजलीय आणि जनावर आवडीनं खातं ते पवन्यासारखं गवत मागं पडलंय. वर पावसाळ्यात माती उघडीच, ती वाहून खाली भाताच्या खाचरात. हे सगळं नानांनाच आधी पटलं, शिकलेल्यांना पटवायला वेळ लागला. बाकी बिडीवाले, मध काढणारे, आणि गडावर राहायला येऊन चूल अर्धवट विझवून जाणारे पाहुणे आहेतच.

तर ब्लोअर. आधी आम्ही एक चूक केली ती पण सांगतो. ऑनलाइन बॅटरीवरचा स्वस्तातला ब्लोअर मागवला, २१ व्होल्ट, दोन बॅटऱ्या फ्री, फोटोत माणसाच्या समोर वादळ आल्यासारखं दाखवलेलं. घरी लावून बघितला तर वहिनी म्हणाली यानं माझी चूलसुद्धा फुंकली जायची नाही. परत पाठवला. मग पुण्यात डीलरकडं गेलो चौघं, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो बंगल्याचं गार्डन केवढंय सर? आम्ही म्हणलं डोंगर आहे. तो हसला, पण मागं एक वयस्कर मिस्त्री बसले होते त्यांनी बरोबर विचारलं, चढावर धरून चालायचंय का, मग पाठीवरचा नको एवढ्यात, हातातला घ्या, हात बसला की मग मोठा. हा सल्ला फुकट मिळाला आणि सगळ्यात कामाचा निघाला.

आता मुख्य गोष्ट, जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. ब्लोअर हे आग विझवायचं यंत्र म्हणून घेऊ नका. त्याचं खरं काम डिसेंबर-जानेवारीत असतं, आग लागायच्या आधी. जाळरेषा माहीत असेलच, डोंगराला आडवा पट्टा साफ करून ठेवायचा म्हणजे आग आली तर तिथं येऊन खायला काही नाही म्हणून थांबते. हे पूर्वी कोयते, खुरपी आणि दाताळ्यानं व्हायचं, एका टेपाची (डोंगराच्या उंचवट्याची) रेषा काढायला आम्हाला चार रविवार लागायचे आणि चौथ्या रविवारी फक्त नाना आणि दोन कुत्री असायची. आता गवत ग्रास कटरनं कापतो (तो एका शेतकऱ्याचा आहे, पेट्रोल आमचं), कापलेलं जनावरांना भारे बांधून खाली नेतो आणि मागनं ब्लोअरवाला उरलेला काडीकचरा जळायच्या बाजूनं, म्हणजे डोंगराच्या अंगाला उडवत जातो. झाडीतल्या पट्ट्यात तर कटरपण लागत नाही, नुसता पाला असतो, तिथं हा ब्लोअर पाऊण तासात जेवढं करतो ते सहा माणसं अख्ख्या सकाळी करत नव्हती. मी स्वतः दोन्ही केलंय, त्यामुळं सांगतो. यात मशीनला पाचपैकी पाच.

फक्त एक लक्षात ठेवा, उभं गवत ब्लोअरनं हलत नाही. आमच्यातल्या एकाला वाटलं होतं डायरेक्ट ब्लोअर फिरवला की रस्ता तयार. नाही. आधी कापावंच लागतं. आणि दुसरं, डिसेंबरात चकाचक केलेली रेषा फेब्रुवारीत जाऊन बघा, ऐन आणि बाकीच्या झाडांची पानगळ होऊन परत गालिचा पसरलेला असतो, म्हणजे नेमकी वणव्याच्या टायमाला तुमची रेषा म्हणजे वातच झालेली असते. पहिल्या वर्षी आम्ही हेच केलं, डिसेंबरात फोटो काढले, ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दिले, आणि फेब्रुवारीत आग त्या रेषेवरनं अशी चालत पलीकडं गेली की जणू तिच्यासाठीच आम्ही वाट काढून ठेवली होती. आता होळीपर्यंत दर पंधरा दिवसाला एक फेरी मारतो.

आता प्रत्यक्ष जाळावर. गुडघ्याच्या खाली जाळ असेल, गवत विरळ असेल आणि वारा पडलेला असेल तर हा ब्लोअर कमाल करतो, खरंच. नळीचं तोंड जाळाच्या बुडाशी, जमिनीला जवळजवळ टेकून, तिरकं धरायचं, म्हणजे हवेनं पेटलेलं गवत जळालेल्या बाजूला ढकललं जातं आणि खाली नुसती माती उरते. जाळाच्या कडेकडेनं शेपटाकडून तोंडाकडं (आग पुढं सरकते ते तोंड, मागं राहतं ते शेपूट) जायचं, समोरून कधीच नाही. चालण्याच्या गतीनं आग विझत जाताना बघितली की पहिल्या वेळी माणूस वेडा होतो, मी झालो होतो. पण जाळ कमरेएवढा झाला, किंवा कारवीत शिरला, की ब्लोअर बंद करा आणि मागं या. तिथं तुम्ही आग विझवत नाही, भाता मारताय.

आणि इथंच माझ्या हातून घाण झाली. २०२४ चा फेब्रुवारी, रात्रीचे साडेआठ-नऊ, पश्चिमेकडचा उतार, जाळ गुडघ्याएवढा, ब्लोअर माझ्याकडं. दुसरा सीझन होता, दोन आगी या मशीननं अर्ध्या तासात गार केलेल्या, त्यामुळं अंगात आलेलं. जळालेल्या बाजूला उभं राहणं सेफ म्हणून मी आत काळ्यात उभा राहिलो ते बरोबर, पण नळी कडेकडेनं धरायची ती धरली सरळ समोर, म्हणजे मी आतून बाहेर फुंकत होतो. समोर एक वाळलेलं शेण पेटलं होतं, म्हशीचं, चांगलं ताटाएवढं. त्याचा अर्धा तुकडा लाल होऊन उडाला, बारा फुटांची जाळरेषा ओलांडून पलीकडच्या गवतात पडला आणि मला काही पत्ता नाही. नाना मागनं ओरडत होते म्हणे. हे मशीन फुल्ल थ्रॉटलवर असताना कानाशी कुणी बोंबललं तरी ऐकू येत नाही. शेवटी त्यांनी ढेकूळ उचललं आणि माझ्या पाठीत घातलं. वळून बघतो तर रेषेच्या पलीकडं खोलीएवढा जाळ.

ती ठिणगी विझवायला सव्वा तास गेला आणि खालच्या वाडीतली एकाची गवताची गंजी गेली. त्याला आम्ही प्रत्येकानं चार-चार भारे दिले, माझे आठ. तो काही बोलला नाही, पण त्याची आई पुढचे दोन महिने मला बघून तोंड फिरवायची, आणि बरोबरच होतं तिचं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. ब्लोअर एकटा जात नाही. त्याच्या मागं चार पावलांवर एक जण झोडपा घेऊन, म्हणजे तीच नानांची हिरवी फांदी, राहिलेला धुमसता कडा दाबत येतो. त्याच्या मागं एक जण पाठीवर १६ लिटरचा फवारणीचा पंप घेऊन (औषध मारायचा, नीट धुऊन, नाहीतर वाफ नाकात जाते), तो शेण आणि बुंधे बघतो. आणि एक जण हातात काहीही न घेता लांब उभा राहतो, त्याचं काम नुसतं बघणं, वारा कुठं फिरतोय, ठिणगी कुठं पडली, माणसं किती आहेत. त्याला आम्ही राखण्या म्हणतो आणि तो बहुतेक वेळा नानाच असतात. आवाजाचा उपयोग नाही म्हणून खूण ठरवलीय, डोक्याच्या टॉर्चची तीनदा उघडझाप म्हणजे मशीन बंद करून मागं फिर, का म्हणून विचारायचं नाही. ढेकूळ अजूनही चालतं.

चढाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण मशीन हातात आलं की हे विसरायला होतं. आग चढाला पळते. चढ दहा अंशानं वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट धरायचा असा ठोकताळा आहे, आणि आमच्याकडच्या उतारावर माणसाला हात टेकून चढावं लागतं, म्हणजे ती किती पळेल विचार करा. २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली पोरंपोरी वणव्यात सापडली, वीसपेक्षा जास्त जीव गेले, तिथंही वाळलेलं गवत, उतार आणि वारा. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, मध्ये घळ असेल तर अजिबात नाही, कारण घळीतनं आग धुराड्यातनं यावी तशी वर येते. दुपारी वारा चढाला वाहतो, रात्री डोंगर गार झाला की उलटा खाली वाहायला लागतो, त्यामुळं आम्ही शक्यतो सूर्य मावळल्यावरच कामाला लागतो, दुपारची आग असेल तर फक्त घरं आणि गोठे सांभाळतो आणि रेषेवर थांबतो. नवीन पोरांना हे भित्रेपणाचं वाटतं.

कपडे: सुती, जाड, फुल्ल बाह्या. जीन्स चालते. नायलॉन, टेरिकॉट, ते चकचकीत जर्सी वगैरे घालून आलेल्याला आम्ही परत पाठवतो, मांडीवरचे तीन डाग दाखवून. पायात चामड्याचे बूट, चप्पल-सँडलवाला पाणी आणायच्या कामाला. ब्लोअरवाल्यानं कानात काहीतरी घालाच, मी पहिल्या वर्षी कापूस घातला होता, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात रातकिडे. डोळ्याला साधा वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तो पांढरा गॉगल. माणशी दोन लिटर पाणी आणि गूळ-शेंगदाणे, हे वहिनी आणि बचत गटातल्या बायका बघतात. खरं तर त्या नसत्या तर ही टीम दुसऱ्याच आगीला बसली असती, कारण रात्री एकला खाली आल्यावर पिठलं-भाकरी गरम मिळते हे माहीत असलं की पोरं परत येतात.

पेट्रोल. टू-स्ट्रोक आहे म्हणजे ऑइल मिसळावं लागतं, आमच्या मशीनला ५० ला १, म्हणजे एका लिटरला २० मिली. हे पोटावर गोंदवून घ्या. एकदा घाईत एकानं नुसतंच पेट्रोल भरलं, नशीब की चालू करायच्या आधी टाकीचा रंग बघून कळलं, आमचं ऑइल हिरवं आहे आणि त्यात हिरवेपणा नव्हता. आता आम्ही आधीच मिसळून दोन लिटरचे पत्र्याचे कॅन ठेवतो, वरती लाल रंगानं लिहिलंय. फुल्ल थ्रॉटलला टाकी अर्धा-पाऊण तास जाते. गरम इंजिनवर पेट्रोल भरू नका, आगीजवळ तर नाहीच, कॅन जळालेल्या जागेच्या पार मागं, ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या ताब्यात ठेवायचा आणि दहा मिनिटं मशीन गार करून मगच भरायचं. त्या दहा मिनिटांत ब्लोअरवाला पण पाणी पितो, त्याला पण गरजच असते.

आता तक्रार. पहिला उन्हाळा झाला, पाऊस आला, आम्ही मशीन पोत्यात गुंडाळून समाजमंदिराच्या खोलीत ठेवलं, टाकीत पाव लिटर तसंच. आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ते पाणी ओढतं, चार महिने सर्द हवेत राहिलं की खाली थर बसतो आणि कार्बोरेटरच्या पडद्याची वाट लागते. डिसेंबरात दोर ओढून ओढून आमचे खांदे निघाले, मशीन हूं का चूं करेना. डीलरकडं नेलं तर ठेवून जा म्हणाले, तीन आठवडे ठेवून घेतलं, दर फोनला 'पार्ट येतोय', आणि शेवटी नवीन कार्बोरेटर लागेल म्हणून साडेचार हजारांचा आकडा. तोपर्यंत रेषेचे तीन रविवार गेले. मी मशीन उचललं आणि आमच्या बाजारच्या गावात फवारणी पंप दुरुस्त करणारा एक पोरगा आहे त्याच्याकडं नेलं, त्यानं उघडलं, साफ केलं, पडदा बदलला, प्रायमरचा चिरलेला फुगा बदलला, ३५० रुपये. वर म्हणाला पावसाच्या आधी टाकी रिकामी करायची आणि मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे आत थेंब राहत नाही. हे वाक्य डीलरनं विकताना बोललं असतं तर मी आज त्याला स्टार दिला असता. सर्व्हिसला पाचपैकी एक, तो पण त्या मागं बसलेल्या मिस्त्रींसाठी.

अजून एक त्रास आहे तो कंपनीचा नाही, गावाचा आहे. गावात ब्लोअर आलाय हे कळलं की तो सगळ्यांचा होतो. खळं झाडायला द्या, लग्नाच्या मांडवातलं पाणी उडवायला द्या, ट्रॅक्टरचा रेडिएटर साफ करायला द्या. नाही म्हणता येत नाही कारण वर्गणी सगळ्यांनी दिलीय. एकदा वणवा लागला तेव्हा मशीन शेजारच्या गावात हळदीला गेलं होतं. आता चावी नसते या मशीनला, म्हणून आम्ही प्लगची टोपी काढून नानांच्या कोपरीच्या खिशात ठेवतो. नानांकडून ती मागायची हिंमत फार कमी लोकांत आहे.

ज्यांच्या गावात अशी टीम नाही आणि करायची आहे त्यांना एवढंच सांगीन की ब्लोअरनं सुरुवात करू नका. आधी पाच-सहा माणसं बघा जी गावातच राहतात, शनिवार-रविवारी पुण्याहून येणारी नाही. वनरक्षकाला आणि संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिला धरून चला, राखीव जंगलात तुम्ही स्वतःच्या मनानं रेषा जाळायला गेलात तर भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये आग लावणं हा गुन्हाच आहे, तुमचा हेतू कितीही चांगला असो. वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६ सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडं नाव नोंदवलं तर सॅटेलाइटनं आग पकडली की मेसेज येतो, आम्ही नोंदवलंय. त्यातला एक सेन्सर ३७५ मीटरच्या चौकटीत बघतो, म्हणजे तशी बारीक नजर आहे, पण तो दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमाराला वरनं जातो, त्यामुळं चारला पेटवलेला राब त्याला रात्रीच दिसणार. आमच्या बाजूच्या आगीला मेसेज येईपर्यंत आम्ही निम्म्या डोंगरावर असतो, पण पाठीमागच्या खोऱ्यात पेटलंय आणि सकाळपर्यंत ती खिंडीतनं आपल्याकडं येणार हे मात्र दोनदा त्या मेसेजमुळंच कळलं, तिथं त्याची किंमत वसूल. विमा नाही, भत्ता नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर भांडण नको.

मोठा, पाठीवरचा घ्यावा का? आम्ही गेल्या वर्षी एका दुसऱ्या गावाचा वापरून बघितला, ६० सीसीच्या वरचा, दहा किलोच्या आसपास. हवा जबरदस्त, पाल्याच्या पट्ट्यात हातातल्याच्या दुप्पट काम, पण आमच्या चढावर पाठीवर दहा किलो घेऊन तोल गेला की माणूस मशीनसकट खाली. सपाट पठार, मोठं गायरान असेल तर डोळे झाकून तोच घ्या. डोंगर असेल तर हातातलाच, आणि वाचलेल्या पैशात चार चांगले हेडटॉर्च आणि चार जोड बूट.

एकूण मशीनला चार. एक कापला तो आवाजासाठी आणि त्या दोरासाठी, स्टार्टरचा दोर फारच पातळ आहे, तिसऱ्या वर्षी दोनदा तुटला, दुसऱ्यांदा तर वर डोंगरावर. तात्पुरती बुटाची नाडी बांधलीय. येत्या रविवारी सकाळी सातला देवळापाशी जमायचंय, वरच्या टेपाला ऐनाचा पाला पडलाय तो परत झाडायचाय, त्याच्या आधी बाजारला जाऊन जाड दोर बसवून आणायचा आहे, आणि नानांकडून टोपी मागून घ्यायची आहे.